उभे उडून उभेच उतरणारे छोटे रॉकेट: चाचणी घेण्यापूर्वी आणि घेताना

उभे उडून उभेच उतरणारे यान घरी बनवणाऱ्याची सगळी जमवाजमव बहुधा उड्डाणाची असते, आणि ते मध्येच थांबवावे लागले तर काय करायचे हा विचार पहिला फटका बसल्यावर सुचतो. आमचेही तसेच झाले. म्हणून या लेखात यान थांबवण्याची व्यवस्था आधी घेतली आहे आणि उडवण्याची नंतर. वाचकाला सोल्डरिंग, रेडिओ रिसीव्हर आणि फ्लाइट कंट्रोलर यांची तोंडओळख आहे असे मी धरून चालतो.

शब्द ‘रॉकेट’ असला तरी येथे वर्णिलेल्या यानात दारू किंवा कोणतेही रासायनिक इंधन नाही. त्यात ७० मिलिमीटर व्यासाचा विजेवर चालणारा डक्टेड फॅन आहे, ज्याला हौशी मंडळी ईडीएफ म्हणतात. फॅन वरून हवा ओढतो आणि खालून झोत सोडतो. झोताच्या तोंडाशी बसवलेल्या चार व्हेन, म्हणजे सर्व्होने (हव्या त्या कोनात वळणाऱ्या छोट्या मोटरने) फिरणाऱ्या पातळ पट्ट्या, तो झोत वळवून यान तोलून धरतात. घन इंधनाची मोटर न वापरण्यामागे पहिले कारण कायद्याचे आहे. अशी मोटर १८८४ चा स्फोटक कायदा आणि २००८ चे स्फोटक नियम यांच्या कक्षेत येते आणि परवान्यांचे काम नागपुरात मुख्यालय असलेल्या पेसो या केंद्रीय संस्थेकडे असते. कोणीतरी व्हिडिओत दाखवले म्हणून स्वयंपाकघरात इंधन घोटत बसणे हा छंद नव्हे. त्यात गुन्हाही आहे आणि हाताची बोटे जाण्याची शक्यताही आहे.

दुसरे कारण तांत्रिक आहे आणि मला ते जास्त पटते. घन इंधनाची मोटर एकदा पेटली की तिचा जोर हवा तसा कमी करता येत नाही, विझवताही येत नाही, आणि पेटायला दर वेळी किंचित वेगळा वेळ लागतो. उतरताना तेवढ्या फरकाने यान जमिनीच्या वर तरी थांबते नाही तर जमिनीत तरी घुसते. जो बर्नार्ड या अमेरिकन हौशी बांधणीकाराने अशा मोटरवर छोटे रॉकेट उभे उतरवून दाखवले ते २०२२ मध्ये, सुमारे सात वर्षांच्या प्रयत्नांनंतर. फॅनचे यान मात्र एका सकाळी वीस वेळा चालू-बंद करता येते आणि तोल सांभाळण्याचे गणित बहुतांशी तेच राहते. तळहातावर उभी काठी तोलताना ती ज्या बाजूला पडू लागते त्याच बाजूला आपण हात नेतो. यानही बुडाशी हेच करते. इंजिन वर लावले की यान आपोआप लंबकासारखे सरळ राहील, हा समज मात्र सोडून द्यावा. रॉबर्ट गॉडार्डने १६ मार्च १९२६ रोजी उडवलेल्या पहिल्या द्रव-इंधन रॉकेटमध्ये इंजिन वरच्या बाजूलाच होते, पण त्याने स्थैर्य आले नाही. पुढे त्याने ती रचना सोडून दिली.

वजन, थ्रस्ट आणि सोलापूरची हवा

उड्डाणाआधीची पहिली चाचणी किराणा दुकानात असतो तशा इलेक्ट्रॉनिक काट्यावर होते. यान उलटे करून, म्हणजे झोत आकाशाकडे राहील असे, लाकडी चौकटीत घट्ट आवळून काट्यावर ठेवावे आणि काटा शून्यावर आणावा. फॅन चालू केला की झोत वर जातो, थ्रस्ट म्हणजे झोताचा उलटा धक्का काट्यावर दाबतो आणि आकडा थेट वाचता येतो. आमच्या यानाचे उड्डाणाचे वजन १.६ किलो आहे आणि सहा सेलच्या पूर्ण भरलेल्या लिथियम पॉलिमर बॅटरीवर थ्रस्ट सुमारे २.३ किलो मिळतो, म्हणजे वजनाच्या १.४४ पट. आकडा कागदावर पुरेसा वाटतो, पण तो जानेवारीच्या पहाटेचा आहे.

सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर आहे आणि एप्रिल-मेमध्ये येथील पारा ४० च्या पुढे जाणे नेहमीचे आहे. हवा तापली की विरळ होते. १५ अंशांची पहाट आणि ४२ अंशांची दुपार यांत हवेच्या घनतेचा फरक सुमारे साडेआठ टक्के पडतो आणि त्याच वेगाने फिरणाऱ्या फॅनचा थ्रस्ट जवळपास तितकाच घटतो. २.३ किलोचे २.१ झाले की पट १.३१ वर येते; अर्धी वापरलेली बॅटरी भाराखाली व्होल्टेज सोडते तेव्हा ते आणखी खाली जाते. १.३ च्या खाली गेल्यावर उडण्यात अडचण येत नाही, अडचण येते ती खाली येताना ब्रेक लावण्यात.

त्याचे गणित असे. थ्रस्ट वजनाच्या दीडपट असेल तर वजन तोलून उरलेला जोर गुरुत्वाच्या निम्मा असतो, म्हणजे यान मोकळे जितके खाली पडले त्याच्या दुप्पट अंतर त्याला थांबायला लागते. अडीच मीटर पडू दिले तर वेग सेकंदाला सात मीटर होतो आणि थांबायला पाच मीटर हवेत. पट १.३ असेल तर हे अंतर आठ मीटरांच्याही पुढे जाते. हौशी यानाने म्हणूनच फॅन बंद करून पडायचे आणि शेवटच्या क्षणी सावरायचे, हा मोठ्या रॉकेटांचा प्रकार करू नये. सेकंदाला अर्ध्या मीटरच्या संथ वेगाने, फॅन सतत चालू ठेवून उतरावे. त्याला बॅटरी जास्त लागते, ती लागू द्यावी.

बॅटरीचा हिशेब आधी लिहून ठेवावा. तरंगत राहताना आमचे यान सुमारे ४० अँपिअर घेते, म्हणजे एका मिनिटाला ६६७ मिलिअँपिअर-अवर. २,२०० च्या बॅटरीत कागदावर तीन मिनिटांहून अधिक वेळ निघतो. आम्ही यानाच्या प्रोग्राममध्ये ६० सेकंदांची मर्यादा घातली आहे आणि ४५ व्या सेकंदाला बझर वाजतो. शिल्लक ठेवण्यात कंजुषी कशी महागात पडते याचे मोठे उदाहरण जानेवारी २०१५ चे आहे: स्पेसएक्सच्या फाल्कन ९ रॉकेटचा पहिला टप्पा समुद्रातल्या तराफ्यावर उतरताना दिशा देणाऱ्या जाळीदार पंखांचे हायड्रॉलिक द्रव अगदी शेवटी संपले आणि तो तिरका येऊन आदळला.

पाय

यानाचे पाय ही बहुतेकांच्या दृष्टीने शेवटी लावायची वस्तू असते. त्यांनी डीसी-एक्सचा इतिहास आठवावा. मॅकडॉनेल डग्लसचे हे यान १८ ऑगस्ट १९९३ रोजी न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स येथे प्रथम उडाले आणि उभे उतरले. ३१ जुलै १९९६ रोजी त्याच्या सुधारित आवृत्तीचे उड्डाण चांगले झाले, उतरणेही ठीक झाले, पण चारपैकी एक पाय उघडलाच नाही, कारण त्याची वायुनळी जोडायची राहिली होती. यान कलंडले आणि जळाले. जानेवारी २०१६ मध्ये फाल्कन ९ चा टप्पाही तराफ्यावर व्यवस्थित टेकल्यानंतर, एका पायाची खीळ न बसल्यामुळे आडवा झाला. घडीचे पाय करण्याचा मोह हौशी माणसाने टाळावा; पक्के, उघडेच राहणारे पाय लावावेत.

चार पाय की तीन, हा प्रश्न आवडीवर सोडू नये. यान कलंडते ते पायावरून नव्हे, दोन शेजारच्या पायांना जोडणाऱ्या रेषेवरून. मध्यापासून पायाच्या टोकापर्यंत ३६ सेंटिमीटर अंतर असेल तर चार पायांत ही रेषा मध्यापासून साधारण २५ सेंटिमीटरवर येते, तीन पायांत फक्त १८ वर. गुरुत्वमध्य जमिनीपासून ३० सेंटिमीटर असल्यास चार पायांचे यान सुमारे ४० अंशांपर्यंत कलून परत सरळ होऊ शकते, तीन पायांचे ३१ अंशांनंतर जाते. येथे एक ओढाताण आहे: बॅटरी वर बसवली तर व्हेनपासून गुरुत्वमध्य लांब जाऊन हवेत तोल सांभाळणे सोपे होते (लांब काठी तळहातावर जास्त सहज तोलते, तसेच), पण जमिनीवर कलंडण्याचा धोका वाढतो. आम्ही बॅटरी मधोमध ठेवली आणि पाय लांब केले.

पायांची चाचणी फॅन न लावता होते. सेकंदाला दोन मीटर वेगाने टेकणे म्हणजे २० सेंटिमीटरवरून पडणे. तेवढ्याच वजनाची वाळूची पिशवी चौकटीला बांधून ती २० सेंटिमीटरवरून प्लायवर सोडावी. आधी सरळ, मग दहा अंश तिरकी, म्हणजे सगळा भार एकाच पायावर येईल. दहा वेळा सोडूनही तडा गेला नाही तर पाय चालले. आमच्या पहिल्या पायांना बांबूच्या कामट्या होत्या आणि त्या चौथ्या वेळी उभ्या चिरल्या. सध्याच्या पायांना कार्बनच्या नळ्या आणि तळाशी टेबल टेनिसचा अर्धा चेंडू आहे.

थांबवण्याचे चार मार्ग

पहिला मार्ग म्हणजे काढता येणारी खुंटी. बॅटरी आणि फॅनचा स्पीड कंट्रोलर यांच्या मध्ये एक प्लग असावा, तो यानाच्या बाहेर, झोत आणि हवेच्या तोंडापासून दूर असावा आणि त्याला लाल कापडाची पट्टी बांधलेली असावी. खुंटी काढल्यावर ती पट्टी ज्याच्या खिशात राहते, तोच माणूस, म्हणजे लाल पट्टीवाला, यानाजवळ जाऊ शकतो. इतर कोणीही नाही.

दुसरा मार्ग रिमोटवरचे बटण. ते थ्रॉटलच्या दांड्यापासून वेगळे असावे आणि अंगठ्याखाली, न बघता सापडेल असे असावे. रिसीव्हरला सिग्नल मिळेनासा झाला की फॅन बंद व्हावा, ही मांडणी प्रत्यक्ष रिमोट बंद करून तपासावी. ‘हवेत असताना बंद झाले तर यान मोडेल’ असा आक्षेप प्रत्येक नवा माणूस घेतो. यान मोडलेले चालेल. सिग्नल गमावलेले आणि फॅन चालू असलेले यान कोणाच्या अंगावर जाईल हे कोणालाच सांगता येत नाही.

तिसरा मार्ग यानाच्या आतला. ४५ अंशांपेक्षा जास्त कल, ठरवलेल्या उंचीच्या वर जाणे किंवा वेळ संपणे, यांपैकी काहीही झाले तर प्रोग्रामने माणसाची वाट न बघता फॅन बंद करावा. ऑगस्ट २०१४ मध्ये टेक्सासमधील मॅकग्रेगर येथे स्पेसएक्सचे एफ९आर डेव्ह-१ हे चाचणी-रॉकेट एका सेन्सरच्या बिघाडानंतर भरकटू लागले आणि त्याने स्वतःच स्वतःला नष्ट केले. कोणाला इजा झाली नाही. एवढ्या मोठ्या कंपनीला यानावर विश्वास ठेवून चालले नाही, तर आपल्यालाही ठेवायचे कारण नाही. चौथा मार्ग दोरीचा आहे आणि त्याचे वर्णन पुढे येते.

हे मार्ग एकमेकांवर अवलंबून नसावेत, हे महत्त्वाचे. फ्लाइट कंट्रोलर गोठला तर आतला तिसरा मार्ग तर गेलाच, पण बटणाचा सिग्नलही त्याच कंट्रोलरमधून जात असेल तर दुसराही गेला. म्हणून बटणाची तार कंट्रोलरला वगळून, स्पीड कंट्रोलरच्या सिग्नलवर बसवलेल्या छोट्या स्विचपर्यंत वेगळी न्यावी.

एका अक्षापासून दोरीपर्यंत

पहिल्या चालू फॅनच्या चाचण्या बंद जागेत घ्याव्यात. आम्हाला एका नातेवाइकांची बंद पडलेली यंत्रमागाची शेड मिळाली. छताच्या लोखंडी कैच्या, पक्की फरशी आणि आत न येणारे वारे, असे तिन्ही तेथे होते. यान गुरुत्वमध्याच्या रेषेत दोन बेअरिंगांवर अडकवावे, म्हणजे ते झोपाळ्यासारखे एकाच दिशेने कलेल. या स्टँडवर बोटाने ढकलले असता ते एक-दोन हेलकाव्यांत सरळ व्हावे. हेलकावे वाढत गेले तर नियंत्रण जास्त तिखट आहे, यान आळसावून परत येत असेल तर मवाळ आहे. एक अक्ष बसल्यावर यान बरोबर ९० अंशांत फिरवून दुसरा अक्ष तपासावा.

फॅन सुरू करण्याआधी, दर वेळी, एक तपासणी करायचीच असते. यान हातात धरून उजवीकडे कलवावे. झोत डावीकडे जाईल अशा रीतीने व्हेनची खालची कड डावीकडे वळली पाहिजे. झोत डावीकडे गेला की बूड उजवीकडे ढकलले जाते आणि कलत्या डोक्याखाली येते. उलट झाले तर यान पडण्याला स्वतःच हातभार लावते. आमचा एक सर्व्हो जळाला, नवा बसवताना तो आरशातल्यासारखा उलट्या बाजूला बसला, आणि रात्री साडेदहाला सगळ्यांना घरी जायची घाई असल्यामुळे ही तपासणी आम्ही वगळली. यान छताच्या कैचीला दोरीने बांधलेले होते. फॅनचा आवाज चढला, ते जमिनीपासून वीतभर उठले, पूर्वेला जरासे झुकले आणि मग कोणीतरी ढकलावे तसे पूर्वेलाच झेपावले. दोरी ताणली, यान लोंबकळत गोल फिरले आणि त्याचा एक पाय खिडकीच्या काचेतून आरपार गेला. बटण दाबायला मला दीड सेकंद लागला, हे नंतर व्हिडिओवरून मोजले. तेव्हापासून शेडच्या दारावर आतल्या बाजूने खडूने ‘कलवून बघितले का?’ असे लिहिलेले आहे.

दोरीच्या चाचणीत दोरीच घातक ठरू शकते, कारण फॅनचे तोंड वर असते आणि ढिली दोरी सरळ त्यात ओढली जाते. तोंडावर तारेची जाळी लावावी. यानाच्या कडेला बाहेर निघणाऱ्या दोन आकड्यांना दोरीच्या दोन फांद्या बांधाव्यात आणि त्या तोंडाच्या बऱ्याच वर, एका आडव्या काठीवरून एकत्र आणाव्यात. दोरी नायलॉनची असावी, कारण ती थोडी ताणते आणि झटका पोटात घेते. यानाच्या किमान दहापट वजन पेलणारी असावी. ढील ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त ठेवू नये.

उंचीच्या सेन्सरांबाबत येथेच सांगून टाकतो. हवेच्या दाबावर चालणारा सेन्सर फॅनच्या झोताने फसतो आणि जमिनीजवळ तर तो एक-दोन मीटर इकडेतिकडे सांगू शकतो, तेव्हा उतरण्यासाठी खाली बघणारा लेसर-अंतरमापक हवा. स्वस्त लेसर-मापक शेडच्या अंधारात चार मीटरपर्यंत वाचतात, पण भर उन्हात त्यांचा पल्ला फारच घटतो, आणि आपली काळी माती प्रकाश परत पाठवण्याऐवजी गिळते. आम्ही शेतात ८ बाय ४ फुटांचे दोन प्लाय जोडून त्याला पांढरा रंग दिला आहे. त्याने मातीचा धुरळा फॅनमध्ये जात नाही आणि सेन्सरलाही दिसते. प्लायऐवजी ताडपत्री वापरू नये, झोताने ती उचलली जाते.

जागा, वेळ आणि माणसे

मोकळी उड्डाणे दोरीवरची सलग दहा उड्डाणे एकाही हस्तक्षेपाशिवाय झाल्यानंतरच घ्यावीत. नऊ झाली आणि दहावे फसले तर मोजणी पुन्हा एकपासून.

जागा निवडताना आधी डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलवरचा नकाशा बघावा. २०२१ चे ड्रोन नियम अशा यानाला लागू धरून चालावे हे शहाणपणाचे. त्यांत विमानतळाच्या कुंपणापासून आठ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उड्डाण करता येत नाही, आणि सोलापुरातील होटगी रस्त्यावरच्या विमानतळावर २०२५ पासून पुन्हा प्रवासी विमाने उतरू लागली आहेत, तेव्हा शहराचा बराचसा भाग आपोआप बाद होतो. २५० ग्रॅम ते दोन किलो हा मायक्रो वर्ग असून, बिगर-व्यावसायिक वापरासाठी त्यात वैमानिकाचा परवाना लागत नाही. यान दोन किलोच्या आत ठेवण्याचे तेही एक कारण आहे. ज्यांना शक्य असेल त्यांनी अभियांत्रिकी महाविद्यालयामार्फत काम करावे, कारण संशोधनासाठी शैक्षणिक संस्थांना त्यांच्या ताब्यातील जागेत, हरित क्षेत्रात (नकाशावर परवानगीची गरज नसलेल्या भागात), नियमांत सवलत आहे. शेत कोणाचेही असो, जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी कळवावे. फक्त ते जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या आठवड्यात करू नये, तेव्हा त्यांना आपल्या कागदाकडे बघायला सवड नसते.

नान्नजचा माळ सपाट, मोकळा आणि मोहात पाडणारा आहे, पण तो माळढोकाच्या अभयारण्याचा परिसर आहे, तिकडे जाऊच नये. उच्चदाबाच्या तारा, रेल्वेमार्ग आणि वीजप्रकल्पाचा परिसर टाळावा. सगळ्यात जास्त काळजी कडब्याची. फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारी निघते आणि शेताशेतांत कडब्याच्या गंजी उभ्या राहतात. त्या पेटायला लिथियमची एक फुटलेली बॅटरी पुरते. ज्यांच्या मुरमाड रानात आम्ही उडवतो त्यांनी पहिल्या दिवशी एवढेच विचारले होते, “हे पेटणार तर नाही ना, सर?” “इंधन नाही मामा, पण बॅटरी पेटू शकते,” असे सांगितल्यावर त्यांनी गंजीपासून दोनशे पावले मोजून जागा दाखवली, आणि पाण्याने भरलेले पिंप बैलगाडीवर ठेवायला लावले. ती व्यवस्था आम्ही कायम ठेवली आहे. पिंपाशेजारी कोरड्या वाळूच्या दोन बादल्या आणि भिजवलेली जुनी सोलापुरी चादर असते; चादर गवताची ठिणगी दाबण्यासाठी आहे, बॅटरीवर टाकण्यासाठी नाही.

वेळ सूर्योदयानंतरचे दोन तास. वाऱ्याची मर्यादा ताशी १० किलोमीटर, आणि ती छातीच्या उंचीवर नव्हे तर यान जाईल त्या उंचीवर, बांबूला बांधलेल्या वायुवेगमापकाने मोजावी. उन्हाळ्यात दहा वाजल्यानंतर वावटळी उठतात आणि त्या न सांगता येतात. जून ते ऑगस्ट आम्ही बाहेर काढतच नाही.

प्रेक्षक किती लांब उभे करायचे याचे उत्तर यानाच्या आकारावरून नव्हे, बटण दाबणाऱ्याच्या चपळाईवरून निघते. यान पाच मीटर उंचीवर असताना ४५ अंशांत कलून पूर्ण जोराने पळू लागले असे समजू. १.४ पट थ्रस्टचा आडवा हिस्सा जवळजवळ गुरुत्वाएवढा होतो, उभा हिस्सा त्याला वर तोलून धरतो. एका सेकंदात ते पाच मीटर सरकते आणि सेकंदाला दहा मीटरच्या वेगाला पोचते. त्या क्षणी फॅन बंद केला तरी खाली पडायला आणखी एक सेकंद जातो आणि तेवढ्यात आणखी दहा मीटर. एकूण पंधरा. बटणाला दोन सेकंद लागले तर हेच अंतर चाळीस मीटरच्या घरात जाते. माझा दीड सेकंद मी वर सांगितलाच आहे. म्हणून पाच मीटरच्या उड्डाणाला बघणारे साठ मीटरवर, वाऱ्याच्या वरच्या बाजूला, म्हणजे वारा येतो त्या बाजूला. आणि उडवणारे दोघे वीस मीटरवर पण उभ्या केलेल्या जीपच्या आड. उंची वाढवली की अंतराचे गणित पुन्हा मांडावे.

साठ मीटरवर कबड्डीच्या मैदानासारखी फक्कीची रेघ मारावी. रेघ नसेल तर पाच मिनिटांत गावातली पोरे यानाभोवती गोल करून उभी राहतात, आणि त्यांना रागावण्यापेक्षा त्यांतल्याच मोठ्या दोघांना रेघेवर राखणीला ठेवणे जास्त उपयोगी पडते. सुरक्षा बघणारा माणूस वेगळा असावा, त्याने यानाकडे बघूच नये. त्याचे लक्ष रेघेवर, आकाशावर आणि रस्त्यावर. ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार प्रत्येकाला असतो, त्याचे कारण विचारायचे ते फॅन बंद झाल्यावर.

फॅन मिनिटाला ४०,००० च्या आसपास फेरे घेतो. पाते तुटले तर ते फॅनच्या पातळीत, आडवे, सुटते. त्या पातळीत डोके किंवा डोळे येतील असे कोणी कधीही वाकू नये. गॉगल, कानांत बोळे, आणि ओढणी, उपरणे, गळ्यातला दोरा काढून ठेवणे, हे शेडमध्येही आणि शेतातही.

पहिले मोकळे उड्डाण म्हणजे अर्धा मीटर वर, तीन सेकंद, खाली. दुसरेही तेच. त्यात आडवे सरकणे, वळणे, जास्त उंची असे काहीही मिसळू नये, कारण एका वेळी दोन गोष्टी बदलल्या आणि यान पडले तर दोष कोणाचा ते कळत नाही. एक मीटर, दोन मीटर, मग आडवे दोन मीटर जाऊन दुसऱ्या प्लायवर उतरणे. स्वित्झर्लंडमधील विद्यार्थ्यांच्या एका गटाने कोलिब्री नावाचे द्रव-इंधनाचे यान २०२४ मध्ये १०५ मीटरपर्यंत नेऊन परत उतरवले. त्याआधी ते कितीतरी वेळा दोरीला बांधूनच उडाले होते. दर उड्डाणाला फोनवर संथगती व्हिडिओ घ्यावा आणि यानातल्या कार्डावरची नोंद लगेच, पुढचे उड्डाण करण्याआधी, बघावी. चांगले उतरलेल्या उड्डाणाची नोंद बघायचा कंटाळा येतो. सर्व्हो आपल्या टोकाला जाऊन टेकत असल्याचे मात्र बहुधा तशाच उड्डाणात दिसते.

पडल्यानंतर

यान पडले की पहिली प्रतिक्रिया धावत जाण्याची असते. जाऊ नये. बटण दाबलेले ठेवावे, थ्रॉटल शून्यावर आहे हे मोठ्याने म्हणावे आणि घड्याळ लावून एक मिनिट थांबावे. आडव्या पडलेल्या यानाला आपण अजून उडतो आहोत असे वाटू शकते. मग लाल पट्टीवाल्याने एकट्याने, फॅनची पातळी चुकवत, जाऊन खुंटी काढावी. बॅटरी फुगली, चेपली किंवा गोड उग्र वास आला तर ती वाळूच्या बादलीत घालून माणसांपासून आणि गवतापासून दूर अर्धा तास ठेवावी. पेटली तर तिच्या धुरापासून लांब, वाऱ्याच्या वरच्या बाजूला राहून तिला जळू द्यावे आणि भोवतालचे रान भिजवावे. धडक बसलेली बॅटरी ठीक दिसली तरी त्या दिवशी पुन्हा उडवू नये, आणि गाडीच्या बंद डिकीत तर मुळीच ठेवू नये. मेच्या उन्हात तेथे काय तापमान होते हे सोलापूरकराला सांगायला नको.

घरी आल्यावर सगळ्या बॅटऱ्या गार होऊ द्याव्यात, प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर आणून पत्र्याच्या डब्यात, लाकडी कपाटापासून दूर ठेवाव्यात. नोंदवहीत त्याच संध्याकाळी तापमान, वारा, उड्डाणाचे वजन, किती मिलिअँपिअर-अवर परत भरावे लागले आणि कोण ‘थांबा’ म्हणाले, हे पाच रकाने भरावेत. आमच्या वहीत शेवटच्या रकान्यात सगळ्यात जास्त वेळा मामांचे नाव आहे.